बोर्ड उलटून पाहा

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी परीक्षक नेमके काय पाहतात, हे विद्यार्थ्यांना आम्हा प्राध्यापकांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. दिवा लागला का, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाट उमटली का, आणि आकडे वहीतल्या कोष्टकाशी जुळले का. एवढे झाले की गुण पडतात. ज्या बोर्डावर हे सगळे घडते तो उचलून, उलटा करून, त्याची पाठ पाहणारे परीक्षक माझ्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मला फार तर दोघे-तिघे भेटले. २०१६ सालापर्यंत मी स्वतः त्यांत मोडत नव्हतो. त्या साली काय झाले ते पुढे येईलच.

आधी माझे म्हणणे सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना पान उलटता येईल. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या महाविद्यालयात सोल्डरिंग पहिल्याच वर्षी, निदान एक सत्रभर, हाताला धरून शिकवले जावे. त्याला स्वतंत्र गुण असावेत. आणि ते गुण सर्किट चालले की नाही यावर न देता बोर्डाची पाठ भिंगातून पाहून द्यावेत. आज काय चालते? पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेतले सहायक एकदा करून दाखवतात. वीस मुले त्यांच्या खांद्यावरून डोकावतात. पुढच्या दोघांना काहीतरी दिसते, बाकीच्यांना नुसता धूर. झाले शिक्षण! पुढची अडीच वर्षे ब्रेडबोर्डवर तारा खोचण्यात जातात, आणि शेवटच्या वर्षी प्रकल्प आला की अर्धी मुले आयर्न हातात घ्यायला घाबरतात. उरलेली घाबरत नाहीत, ते अधिक वाईट.

वास्तविक ही विद्या आपल्याला परकी नाही. माझ्या लहानपणी शहापुरात आमच्या गल्लीत कल्हईवाला येत असे. जमिनीत खळगा करून त्यात तो कोळसे पेटवी, भात्याने वारा घाली, पितळेचे पातेले तापवून आत नवसागराची चिमूट टाकी. भसकन पांढरा धूर निघे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो ती भराभर फिरवी, आणि बघता बघता पातेल्याची आतली बाजू चांदीसारखी होई. आम्हा मुलांना तो जादूचा खेळ वाटे. कल्हईवाल्याला मात्र त्यात जादू नव्हती. पातेले पुरते तापले नसेल तर कथील गोळा होऊन घरंगळते, आणि नवसागराने धातू साफ झाला नसेल तर ते धरतच नाही, हे त्याला पक्के माहीत होते. पातेल्यावर कथील चढवायचे तर पातेले तापले पाहिजे, नुसते कथील वितळून भागत नाही. आमच्या पदवीधरांना तीन वर्षांत जे उमगत नाही ते एवढेच आहे.

आपल्याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्र या कामाला ‘बेसुगे’ म्हणतात. त्या शब्दात सांधण्याचा भाव आहे. आपण मराठी माणसे ‘डाग देणे’ म्हणतो. आमच्या विद्यार्थ्यांचे बोर्ड पाहिल्यावर मराठी शब्द अधिक यथार्थ वाटतो, हे खेदाने नमूद करतो.

मुळात सोल्डर हा डिंक नव्हे. मुलांच्या मनातली सगळ्यात घट्ट बसलेली चूक हीच. डिंक वर थापला की दोन वस्तू चिकटतात. तसे इथे होत नाही. वितळलेले कथील तापलेल्या तांब्याला भिडले की दोहोंच्या सीमेवर तांबे व कथील यांच्या संयुगाचा एक अगदी पातळ थर तयार होतो, मिलिमीटरचा हजारावा किंवा पाचशेवा भाग असेल. जोड म्हणतात तो हा थर. वर दिसणारा सोल्डरचा ढीग हा त्याचा नुसता पसारा. तांबे थंड असेल किंवा त्याच्यावर बोटांचे तेल व ऑक्साइडचे किटाण असेल तर हा थर बनत नाही, आणि सोल्डर वर नुसते बसून राहते. पाहुण्यासारखे, कधीही उठून जाईल असे. उलट हौसेने आयर्न दहा-पंधरा सेकंद दाबून धरले तर तोच थर जाड होतो, आणि जाड झाला की ठिसूळ होतो. शिवाय तांब्याचे पॅड बोर्डावरून सुटते ते वेगळेच.

म्हणून पद्धत अशी. आयर्नचे टोक ओल्या स्पंजवर पुसून, त्याला चिमूटभर सोल्डर लावून चकचकीत करायचे. ते पॅडला आणि सुट्या भागाच्या पायाला, दोघांनाही एकाच वेळी टेकवायचे. मनात एक म्हणायचे. मग सोल्डरची तार समोरच्या बाजूने आणून पायाला आणि पॅडला लावायची, आयर्नच्या टोकाला नव्हे. तांबे तापले असेल तर तार आपोआप वितळून पायाभोवती धावते. पुरेसे गेले की आधी तार काढायची, नंतर आयर्न. सगळे मिळून दोन-तीन सेकंद. त्यानंतर काही करायचे नाही, आणि हेच मुलांना सर्वांत जड जाते. कोणी फुंकर घालतो, कोणी पाय सरळ करतो, कोणी “अजून थोडे” म्हणून वर आणखी एक थेंब ठेवतो. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि तिथेच एकदम गोठते. ६०-४० चे सोल्डर मात्र गोठण्यापूर्वी काही अंशांपुरते लगद्यासारखे असते. त्या क्षणी पाय हलला की आत तडा पडलाच म्हणून समजा. नवशिक्याच्या हाती ६३-३७ द्यावे ते यासाठी. आमच्या खरेदी समितीला हा फरक पटवून देताना मला दोन वर्षे लागली.

बहुतेक मुले करतात ते नेमके याच्या उलट. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि चमच्याने भरवावे तसा तो बोर्डाकडे न्यायचा. तारेच्या पोटात राळ भरलेली असते. कल्हईवाल्याच्या नवसागराचे काम इथे राळ करते, तांब्यावरचे किटाण खाऊन टाकते. थेंब टोकावर असतानाच ती राळ जळून धूर होऊन जाते, आणि जोडापर्यंत पोचते ते कोरडे, निर्जीव सोल्डर. हाच तो ‘ड्राय जॉइंट’. यावर कुणी उपाय म्हणून पत्र्याचे डबे डागणाऱ्याकडची ॲसिड फ्लक्सची बाटली आणली, तर तिला प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच ठेवावे. जोड लगेच धरेल, पण मागे राहिलेले क्षार काही महिन्यांत तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतील.

चांगला जोड ओळखायचा कसा? त्याचा उतार पाहावा. पायापासून पॅडच्या कडेपर्यंत तो आत वळत, पसरत उतरतो, आणि सोल्डरखाली पायाची आकृती कळते. वाईट जोड साबुदाण्यासारखा गोल असतो. त्याची कड पॅडला चिकटलेली नसते, आत दुमडलेली असते. तो दाणेदार व ओबडधोबड असला तर बहुधा गोठताना हलला आहे. दाणेदारपणा बेळगावच्या कुंद्याला शोभतो, जोडाला नाही. आम्ही शिकलो तेव्हा आणखी एक कसोटी होती, ती चकाकीची. ती आता पुरत नाही. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधले शिसे ०.१ टक्क्यावर बंद केले, आणि आपल्याकडेही १ मे २०१४ पासून तीच मर्यादा आली. कथील, थोडे चांदी आणि थोडे तांबे यांचे बिनशिशाचे सोल्डर २१७ ते २२० अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याचा उत्तम जोडही काहीसा मंदच दिसतो. तेव्हा चमक सोडा आणि उतार पाहा. प्रयोगशाळेत शिकण्यासाठी अजून शिशाचेच रीळ असते. त्याच्या धुराची मुलांना फार भीती वाटते, पण तो धूर शिशाचा नसून राळेचा असतो. मात्र म्हणून तो निरुपद्रवी नव्हे. राळेच्या धुराने दमा जडलेले कामगार पुष्कळ आहेत. तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. शिसे नाकाने जात नाही, बोटांनी जाते. जेवणाचा डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवावेत, इतकीच त्याची भीती.

आणि एक, कानसीबद्दल. आमच्या वेळी आयर्नचे टोक निव्वळ तांब्याचे असे. कथील ते हळूहळू खाई, टोकाला खड्डे पडत, आणि कानसीने घासून ते पुन्हा नीट करावे लागे. आता टोकांवर लोखंडाचा मुलामा असतो. जुन्या प्राध्यापकांचे ऐकून मुले अजून ते कानसतात आणि नवे टोक एका दुपारी निकामी करतात. अर्धवट दिलेले ज्ञान असे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

आता २०१६ ची गोष्ट. त्या उन्हाळ्यात अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची परीक्षा होती आणि मी अंतर्गत परीक्षक होतो. बैलहोंगलच्या बाजूच्या एका खेड्यातल्या विद्यार्थिनीने पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारे सर्किट केले होते. चार ट्रान्झिस्टर, चार दिवे, एक बझर. विषय साधा, दरवर्षी दोघे-तिघे करतातच. तिने टेबलावरच्या बारा व्होल्टच्या पॉवर सप्लायला बोर्ड जोडला. काहीच लागले नाही. एक दिवा क्षणभर लुकलुकला आणि गेला. सप्लायच्या तोंडावरचा मीटर बरोबर बारा दाखवत होता, म्हणजे दोष बोर्डातच असणार हे मी गृहीत धरले. तिने तारा पाहिल्या, ट्रान्झिस्टर चाचपले. मग बोर्ड माझ्यापुढे उलटा धरून म्हणाली, “सर, तिरुगिसी नोड्री.” उलटून पाहा म्हणत होती. जोड पाहा, त्यांत काही चूक नाही, हे तिला सांगायचे होते. मी पाहिले नाही. मागे चौदा जण रांगेत उभे होते आणि बाहेरगावच्या परीक्षकांची गाडी सहाची होती. चाळीसपैकी एकोणीस गुण मी लिहिले.

तिच्यानंतरच्या मुलाने तयार बोर्ड आणला होता. तो त्याने केलेला नाही हे मला दिसत होते. प्रकल्प हल्ली पेटीत घालून विकत मिळतात, सोबत अहवालही छापून मिळतो. त्याचा स्वतःचा ॲडॉप्टर होता. दिवे लागले. छत्तीस.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक लहान मोटर चालवून दाखवण्यासाठी मी तोच सप्लाय घेतला. मीटरवर बारा व्होल्ट, मोटर ढिम्म. वर्गातून हशा. संध्याकाळी झाकण उघडून बसलो. पुढच्या पितळी टर्मिनलला आतून जी जाड तार जोडलेली होती तिच्यावर सोल्डरचा चांगला टपोरा, चकचकीत गोळा होता. चिमट्याने तार धरली मात्र, ती गोळ्यातून अलगद बाहेर आली. आत तपकिरी राळेचा पापुद्रा होता. पितळेवर सोल्डर कुठेच धरलेले नव्हते.

तो जोड माझाच होता. आदल्या हिवाळ्यात ते टर्मिनल तुटले होते आणि मी एका मोकळ्या तासात ते बसवले होते. मोठे आयर्न दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलेले, म्हणून २५ वॅटच्या सोल्ड्रॉनवर भागवले. बोर्डावरच्या बारीक पॅडांना ते आयर्न उत्तम; पण पितळेचा एवढा मोठा तुकडा सगळी उष्णता शोषून घेतो आणि स्वतः काही तापत नाही. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. दरवर्षी मी ते शिकवतो. घाई होती. काम झाल्यावर मी मल्टिमीटर लावून पाहिलाही होता, आणि त्याने बारा व्होल्ट दाखवले होते. कारण मल्टिमीटर जवळपास प्रवाह घेतच नाही, त्याला निसटता स्पर्शही पुरतो. सप्लायचा स्वतःचा मीटर तर जोडाच्या अलीकडे होता, तो आपले बारा व्होल्ट इमानाने दाखवत राहिला. खरा भार पडला तो त्या मुलीच्या बोर्डाचा, आणि त्या भाराखाली माझा जोड उघडा पडला. गुण तिचे गेले.

प्राचार्यांना सांगितले. पत्र लिहिले. पण निकाल लागून गेला होता आणि दुरुस्तीची मुदतही संपली होती. तिचा प्रथम वर्ग नऊ गुणांनी हुकला होता. मी तिला फोन केला, झाले ते सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “सर, घरी जाऊन त्याच दिवशी बॅटरीवर लावला होता. चालला की. आता आमच्या टाकीवर बसवलाय.” मी विचारले, मग मला येऊन सांगितले का नाहीस? ती म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी बघितलाच नाही की, सर.” तिच्या स्वरात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

नंतर मी मागितला म्हणून तिने बोर्डाच्या पाठीचा फोटो पाठवला. चाळीस-पन्नास जोड, सगळ्यांचा उतार सारखा, पाय एका उंचीवर कापलेले. इतके स्वच्छ काम त्या वर्षी दुसऱ्या कुणाचे नव्हते, माझे तर नव्हतेच. तो फोटो आता मी दरवर्षी पहिल्या तासाला दाखवतो; नाव सांगत नाही.

माझे नुकसान इतकेच झाले की रात्रीची झोप काही दिवस उडाली. पण अशाच एका बारीक जोडाचा प्रश्न किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण सर्वांना माहीत असायला हवे. २८ डिसेंबर २०१४ रोजी इंडोनेशियातल्या सुराबायाहून सिंगापूरला निघालेले एअर एशियाचे विमान, उड्डाण क्रमांक क्यूझेड ८५०१, समुद्रात कोसळले आणि आतली सर्व १६२ माणसे गेली. वर्षभराने, डिसेंबर २०१५ मध्ये, त्या देशाच्या परिवहन सुरक्षा समितीने अहवाल प्रसिद्ध केला. शेपटीवरच्या सुकाणूची हालचाल मर्यादेत ठेवणारी एक यंत्रणा असते. तिच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर सोल्डरच्या जोडाला तडा गेलेला आढळला. जोड कधी लागे, कधी तुटे, आणि वैमानिकांपुढे बिघाडाची सूचना येई. त्या विमानात हा दोष २०१४ या एका वर्षात २३ वेळा नोंदला गेला होता. शेवटच्या उड्डाणात तीच सूचना चार वेळा आली. त्यानंतर एका नियंत्रक संगणकाचा वीजपुरवठा तुटला, सर्किट ब्रेकर ओढल्यावर तुटतो तसा. स्वयंचालन सुटले आणि विमान पुढे वैमानिकांना सावरता आले नाही. सगळे खापर एका जोडावर फोडणे अन्यायाचे होईल. देखभाल करणारे, दर वेळी यंत्रणा बंद-चालू करून सूचना घालवणारे, वैमानिकांना प्रशिक्षण देणारे असे पुष्कळ जण त्या साखळीत होते. पण मला त्यातले २३ हे आकडे सोडत नाहीत. २३ वेळा यंत्र पुन्हा चालू झाले म्हणून ते ठीक आहे असे मानले गेले. मल्टिमीटरवर बारा व्होल्ट दिसले म्हणून मी झाकण लावले, तसेच.

अंतराळात जाणाऱ्या उपकरणांवर काम करणाऱ्यांना नासा काय किंवा आपली इस्रो काय, प्रशिक्षण घेऊन कसोटी दिल्याखेरीज आयर्नला हात लावू देत नाहीत. कारखान्यांत चांगल्या व वाईट जोडांची मोठमोठी चित्रे असलेली मानके भिंतीवर लावलेली असतात. आणि आमच्या भिंतीवर? थोर शास्त्रज्ञांच्या तसबिरी.

यावर माझे सहकारी जे आक्षेप घेतात ते मला पाठ आहेत. पहिला असा की आता सगळे यंत्र करते, हाताने सोल्डरिंग कोण करतो? खरे आहे. भाग तांदळाच्या कणीएवढे आणि त्याहून बारीक झाले आहेत. यंत्र बोर्डावर सोल्डरची पेस्ट छापते, भाग ठेवते आणि सगळा बोर्ड भट्टीतून काढते. पण भट्टीतल्या जोडालाही तेच तांबे, तीच स्वच्छता, तेच तापमान लागते. यंत्राने हजार जोड बिघडवले तर ते ओळखणार कोण? ज्याने स्वतःच्या हाताने शंभर बिघडवून पाहिले आहेत तो. शिवाय पहिला नमुना बनवणे आणि दुरुस्ती करणे ही कामे अजून हाताचीच आहेत. आपल्या बाजारपेठेतल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पाहा. दहावी झालेला मुलगा सूक्ष्मदर्शकाखाली गरम हवेने एक चिप काढून दुसरी बसवतो. आमचा पदवीधर त्याच्याकडे फोन दुरुस्तीला देतो, आणि घासाघीस करतो.

दुसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण तोच खरा आहे. आम्ही काय मेकॅनिक व्हायचे? हाताचे काम आयटीआयच्या मुलांचे, आमचे सिद्धांताचे, ही वाटणी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला त्या गावाला ही ऐट शोभत नाही. उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यांत ज्यांचे वडील वा काका काम करतात असे विद्यार्थी आमच्या वर्गात पुष्कळ असतात. ओतीव वरून गुळगुळीत दिसले तरी आत ब्लोहोल असू शकते, म्हणून ते तपासल्याशिवाय पुढे जात नाही, हे त्यांना घरी जेवताना कळलेले असते. वर्गात आल्यावर मात्र आम्ही त्यांना वरची बाजू पाहायला शिकवतो.

तिसरा आक्षेप वेळेचा. वीस मुले, तीन तास, बाहेरगावचे परीक्षक, गाडीची वेळ. हा आक्षेप मला मान्य करावा लागतो. तोच एकेकाळी माझाही होता. पण एका बोर्डाची पाठ भिंगातून पाहायला, पेन्सिलीच्या रबराने जोडांवर हलके टकटक करायला आणि शंका आली तर विचारायला दोन मिनिटे पुरतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे. वीस बोर्डांना चाळीस मिनिटे. शिवाय विकत घेतलेला बोर्ड या दोन मिनिटांत बहुधा आपोआप ओळखू येतो. यंत्राने केलेले जोड एकसारखे असतात, आणि त्यांतल्या एकावर बोट ठेवून “हा तू कसा केलास?” असे विचारले की पुढचे बोलणे फार वेळ चालत नाही. काही वर्षे मी माझ्यापुरते हे करतो आहे. चाळीसपैकी दहा गुण मी मनातल्या मनात पाठीसाठी राखून ठेवतो. पण एकट्या परीक्षकाच्या मनात असलेल्या नियमाला नियम म्हणता येत नाही, आणि दुसऱ्या टेबलावरच्या विद्यार्थ्याला तो लागू होत नाही, हा अन्यायच आहे. म्हणून अभ्यास मंडळाने तो लिहून द्यावा अशी विनंती मी केली आहे. अजून उत्तर आलेले नाही.

तोवर एवढे करता येईल. येत्या सत्रात दर शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्या विभागाची मागची प्रयोगशाळा उघडी राहील. कोणत्याही वर्षाच्या, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यांनी यावे. कला शाखेतले आले तर अधिक आनंद. जुन्या रेडिओंचे आणि बंद पडलेल्या यूपीएसचे बोर्ड पुष्कळ साठले आहेत, आधी त्यांवरचे भाग सोडवायला शिकू, मग बसवायला. आयर्न सहा आहेत, भिंगे चार. सोल्डरचे रीळ ज्याचे त्याने आणावे, ६३-३७ चे. ते मोठे ६० वॅटचे आयर्नही आता याच खोलीत आहे.